तासाभराचे थोतांड

संगणकावर दोन गावांची नावे टाकली की मधले हवाई अंतर आणि उड्डाणाचा वेळ क्षणात सांगणाऱ्या सोयी आता बक्कळ झाल्या आहेत. गोवा ते आदिलाबाद विचारून पाहा. सरळ रेषेत 700 किलोमीटरच्या आत, म्हणजे जेमतेम तासाभराचे उड्डाण! या उत्तराला मी थोतांड म्हणतो. कारण आदिलाबादला प्रवासी विमान उतरतच नाही.

तिथे निजामाच्या काळापासूनची धावपट्टी आहे, हवाई दलाच्या ताब्यातली. नागरी विमानतळाला 2025 साली हवाई दलाची संमती मिळाली. पण संमतीत बसून कोणी प्रवास करत नाही.

मग खरा प्रवास कसा? मोपा किंवा दाबोळीहून हैदराबाद, सव्वा तास. शमशाबादचा विमानतळ शहराच्या दक्षिणेला आणि आदिलाबाद पार उत्तरेला. म्हणजे अख्ख्या शहराला वळसा घालून 44 क्रमांकाच्या महामार्गाने निर्मलवरून तीनशेहून अधिक किलोमीटर. पाच-सहा तास तिथेच गेले. त्यात विमानतळावरचे दोन तास आणि वाळपई किंवा काणकोणहून विमानतळ गाठण्याचा वेळ मिळवा. कुठे तो तास आणि कुठे हा आख्खा दिवस!

कोणी म्हणेल, आकडा शास्त्रीय आहे, एवढे मनावर काय घेता? किलोमीटरबद्दल माझी तक्रार नाही. पृथ्वी गोल आहे आणि गणित बरोबर आहे. तक्रार आहे ती वेळेबद्दल. वेळ ही भूगोलाची नव्हे, सोयीची गोष्ट आहे. आम्हा गोमंतकीयांना हे शिकवायला नको. 1955 नंतरच्या नाकेबंदीच्या दिवसांत मुंबई हवेतून तासाभरावरच होती, पण पोर्तुगीजांचे विमान दाबोळीहून कराचीला जायचे! कवाड बंद असले की शेजारचे घरही परदेश होते.

आदिलाबादचे दुखणे तेच. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत त्या जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखाकडे आले, आदिलाबाद आंध्रात राहिले, 2014 पासून ते तेलंगणात आहे. तिथे आजही मराठी घरे आहेत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी जपणे म्हणजे काय, हे गोव्यापेक्षा जास्त कोणाला कळावे? पण आमच्या साहित्य संमेलनांत आदिलाबादचा माणूस तुम्ही किती वेळा पाहिलात? तासाभरावरचा शेजारी म्हणे!

खोट्या वेळेने हेच होते. सोय आहे असे वाटते, म्हणून ती कोणी मागत नाही. माझे म्हणणे सरळ आहे. जिथे विमान नाही तिथे वेळेच्या रकान्यात तास-मिनिटे लिहू नका, "सोय नाही" एवढेच लिहा. निदान काय मागायचे ते तरी माणसांना कळेल. आणि तोवर आपण तरी आदिलाबादच्या मराठी माणसाला आमंत्रण धाडूया. पत्राला धावपट्टी लागत नाही.