मंजुरीच्या पत्रापलीकडचा विकास

गुजरातेतल्या पंचमहाल जिल्ह्यात रणजितनगरला शीतकरणासाठीचा वायू बनवणारा कारखाना आहे. तो वायू तयार होताना एचएफसी-23 हा दुसरा वायू बाहेर पडतो. वातावरण तापवण्याची त्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या 11,700 पट धरली गेली होती. म्हणजे तो एक टन जाळला की क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेतून 11,700 कार्बन क्रेडिट (एका टन कार्बन डायऑक्साइडइतक्या कपातीमागे एक विकता येणारे क्रेडिट) पदरात पडत. जाळण्याचा खर्च क्रेडिटमागे एक युरोही नव्हता आणि युरोपात भाव दहा युरोंच्या वर गेला होता. 2005 मध्ये नोंदला गेलेला हा प्रकल्प भारताच्या पहिल्या काही प्रकल्पांपैकी एक. घातक वायू नष्ट झाला, हे चांगलेच झाले. पण कारखान्याला जोडलेल्या एका भट्टीने पंचमहालातल्या शेतमजुराच्या आयुष्यात काय बदलणार होते?

हा प्रश्न मूळ करारानेच विचारायला लावला आहे. क्योटोच्या बाराव्या कलमात यंत्रणेचे दोन हेतू आहेत: श्रीमंत देशांना उत्सर्जनाचे उद्दिष्ट गाठायला मदत आणि प्रकल्प जिथे उभा राहतो त्या यजमान देशाचा शाश्वत विकास. पहिला हेतू टनांत मोजला गेला, त्यासाठी तपासनीस नेमले गेले. दुसरा यजमान सरकारच्या मंजुरीपत्रावर सोडला गेला. चीनखालोखाल सर्वाधिक, सोळाशेहून जास्त प्रकल्प भारताने नोंदवले. आश्वासने पुढे पाळली गेली का, हे गावात जाऊन तपासणारी भक्कम व्यवस्था मात्र उभी राहिली नाही. चीनने एचएफसी-23च्या क्रेडिटवर 65 टक्के वाटा घेऊन सरकारी निधी उभारला. आपण मोठ्या प्रकल्पांकडून उत्पन्नाच्या 2 टक्क्यांची हमी घेतली आणि ती रक्कम खर्च करण्याचे कामही त्यांच्यावरच सोपवले. ही आपल्या सरकारची निवड होती.

दिल्लीतल्या ओखल्याचा कचऱ्यापासून विजेचा प्रकल्प याच यंत्रणेत नोंदला गेला. 2012 मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या धुरावरून सुखदेव विहारसारख्या वस्त्यांतले रहिवासी न्यायालयात आणि हरित लवादात गेले. कागद-प्लास्टिक भट्टीत गेल्यावर आपण वेचायचे काय, असे कचरावेचक विचारत होते. याच यंत्रणेखाली कर्नाटकातल्या बागेपल्लीत शेतमजूर आणि अल्पभूधारकांच्या कुली संघाने 5,500 घरांसाठी गोबर गॅसचा कार्यक्रम आखला. चुलीचा धूर गेला, सरपणासाठीची बायकांची पायपीट कमी झाली आणि क्रेडिटचे मालक संघाचे लोकच राहिले. ओखल्यात लोकांचा विरोध डावलून प्रकल्प उभा राहिला, बागेपल्लीत लोकांनीच तो आखला. विकास कुठे झाला, हे सांगायला तपासनीस लागत नाही. दुर्दैव असे, की 2012 मध्ये क्रेडिटचा भाव एका युरोच्याही खाली घसरला तेव्हा छोट्या प्रकल्पांना तपासणीचा खर्चही परवडेना.

आता पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली नवा बाजार उभा राहतो आहे. 2024च्या बाकू परिषदेत त्याच्या नियमांवरची उरलेली चर्चा पूर्ण झाली. नव्या यंत्रणेत शाश्वत विकासावरील परिणामांची तपासणी सक्तीची आहे, तक्रारीची सोयही आहे. या सुधारणांचे स्वागत करायला हवे. पण त्याबरोबर धोकाही वाढला आहे. सरकारच्या संमतीने परदेशाला विकलेली उत्सर्जनकपात आता आपल्या खात्यात धरता येणार नाही. उत्सर्जनाची तीव्रता, म्हणजे जीडीपीमागचे उत्सर्जन, 2005च्या तुलनेत 2030पर्यंत 45 टक्क्यांनी घटवण्याचा शब्द आपण दिला आहे. स्वस्तातली कपात आज विकली, तर महागडी कपात उद्या आपल्याच वीजग्राहकांच्या आणि करदात्यांच्या खिशातून करावी लागेल.

म्हणून केंद्राने नव्या बाजारात संमती देण्याआधी दोन अटी घालाव्यात. प्रकल्पाच्या जागेवरच्या ग्रामसभेची किंवा वस्तीची लेखी संमती हवी आणि त्यात त्यांचा उत्पन्नातला वाटा रुपयांत लिहिलेला असावा. आणि दरवर्षी त्याचा हिशेब स्थानिक भाषेत, गावासमोर वाचला जावा. हिशेब लागला नाही, तर पुढच्या क्रेडिटची संमती थांबवावी.