पडद्यावरचा इतिहास आणि पाड्यावरच्या बाया

'आदिवासींचा इतिहास आता एका बटणावर आला', असे विद्यापीठांतून अभिमानाने सांगितले जाते. मी समाजकार्याची पदवी घेऊन पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर काम करणारी कार्यकर्ती. माझा सवाल साधा आहे : बटणावर इतिहास आला तो कोणाचा?

एका विद्यापीठात वारल्यांवरच्या तासाला पडद्यावर काय दाखवले? १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर. ते इंग्रज सरकारने आपल्या कारभारासाठी काढलेले. त्यात वारली बाईचा पेहराव आहे, दागिने आहेत. तिचे म्हणणे नाही.

मग येतो १९४५ चा उठाव. मे महिन्यात झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली, ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. एवढे शिकवतात. पण लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही जमीनदाराचे 'लग्नगडी' होत आणि बाईच्या शरीरावरही मालक हक्क सांगे. गोदावरी परुळेकरांनी हे 'जेव्हा माणूस जागा होतो' मध्ये १९७० सालीच लिहिले. ते गाळून वेठ म्हणजे नुसती फुकट मजुरी असे शिकवणे, हा अर्धाच इतिहास.

चित्रांचेही तेच. लग्नाचा चौक सवाशिणी लिहीत, धवलेरी गाणी म्हणून लग्न लावी. १९७० नंतर ही कला कागदावर, बाजारात आली आणि नाव झाले ते मुख्यतः पुरुषांचे. जिव्या सोमा मशे मोठे कलावंत होते, यात वाद नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिणाऱ्या बायांची नावे कोणी नोंदवली?

'निदान संग्रह तरी होतोय ना', असे आमचे प्राध्यापक मित्र म्हणतात. संगणकाला माझा विरोध नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांपैकी अनेक 'पारी'ने २०१७ पासून इंटरनेटवर आणल्या, त्या गाणारणीच्या नावागावासह. म्हणजे मनात आणले तर जमते!

शिवाय हा संग्रह पाहणार कोण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कधी तरी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के. जिचे गाणे नेले, तिलाच ते ऐकायला मिळणार नसेल, तर ही नव्या यंत्राने केलेली जुनीच वेठ आहे.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या संघटनांनी विद्यापीठांकडे ठामपणे मागावे : ध्वनिमुद्रणाआधी बाईची तिच्या भाषेत समजावून घेतलेली संमती, नोंदीत तिचे नाव, तिच्या वेळेचे मानधन, मुद्रणाची एक प्रत पाड्यावर आणि काय दाखवायचे, काय नाही हे ठरवताना तिचा शब्द शेवटचा. शिकवायलाही तिलाच बोलवा. तिला माहिती देणारी म्हणून तळटीपेत बसवू नका, शिक्षिका म्हणून वर्गात खुर्ची द्या.