अमोकच्या आधी

एखादा माणूस शस्त्र उपसून रस्त्यावर येतो, समोर येईल त्याच्यावर वार करत सुटतो आणि कोणी त्याला धरेपर्यंत किंवा मारेपर्यंत थांबत नाही. अशा प्रकाराला इंग्रजी वृत्तपत्रे ‘अमोक’ म्हणतात. पिसाळलेला हत्ती, ताबा सुटलेला ट्रक, चवताळलेला जमाव यांनाही हाच शब्द सर्रास लावला जातो. तो मूळचा मलय भाषेतला. आपल्या ‘अमुक-तमुक’शी त्याचे काही नाते नाही. गेल्या ५०० वर्षांत या शब्दाने बराच प्रवास केला. त्या प्रवासात माणसाच्या उद्रेकाकडे पाहण्याच्या दोन रीती दिसतात. एक, उद्रेक करणाऱ्याच्या वंशाकडे बोट दाखवून मोकळी होते. दुसरी त्या उद्रेकाआधीचे दिवस तपासते. पहिली सोपी आहे, म्हणून ती फार काळ टिकली.

मलयमध्ये ‘मेंगामुक’ म्हणजे बेभान होऊन तुटून पडणे आणि तसे तुटून पडणारा तो ‘पेंगामुक’. जुन्या मलय कथांमध्ये हे शब्द रणांगणावरचे आहेत. शत्रूच्या गोटात जिवाची पर्वा न करता घुसणाऱ्या वीराचे ते वर्णन आहे, त्यात निंदा नाही. १५१६ च्या सुमारास दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीजाने जावाच्या लोकांविषयी लिहिताना ‘अमुको’ अशी नोंद केली. आजारी पडलेला माणूस नवस बोलतो, की बरा झालो तर याहून मानाचे मरण स्वतः शोधीन. मग बरा झाल्यावर तो खंजीर घेऊन रस्त्यावर उतरतो, असे त्याने लिहिले आहे. मलबारात आपल्या राजासाठी मरणाची शपथ घेतलेल्या योद्ध्यांनाही पोर्तुगीज हेच नाव देत. भारतपुळा नदीकाठी तिरुनावाया येथे दर १२ वर्षांनी मामांकम हा उत्सव भरे. तेथे वळ्ळुवनाडचे असे योद्धे, ‘चावेर’, कालिकतचा राजा सामुतिरी याच्यावर चालून जात, परत येणार नाही हे ठाऊक असूनही. याच साम्यामुळे ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात शब्दाचा उगम मलबारी असावा का, याचीही चर्चा आहे. बहुतेक कोशकार मात्र मलयकडेच बोट दाखवतात. पोर्तुगीजांच्या तोंडी रुळलेल्या अशा आशियाई शब्दांचा कसून माग काढला तो एका गोमंतकीयाने. आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांचा त्या शब्दांचा कोश १९१९ ते १९२१ या काळात प्रसिद्ध झाला.

वसाहती स्थिरावल्या आणि शब्दातला मान गळून गेला. १७७० मध्ये कॅप्टन कुक बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, थांबला होता. त्याच्या रोजनिशीत अमोकचा संबंध थेट अफूच्या नशेशी जोडलेला आहे. पुढे १९व्या शतकात हा मलय माणसाच्या रक्तातलाच दोष ठरला. त्या दृष्टीचा कळस पिनांगमध्ये दिसतो. १८४६ च्या ८ जुलैला तेथील घरे बांधणाऱ्या एका प्रतिष्ठित मलय गृहस्थाने वाटेत येतील त्यांच्यावर वार केले. मेलेल्यांत एक वृद्ध स्त्री होती आणि बापाच्या कडेवरची एक लहान मुलगीही होती. थोड्याच दिवसांपूर्वी या माणसाची बायको आणि मूल दगावले होते, त्या दुःखाने तो पार बदलून गेला होता, हे खटल्यात पुढे आले. १३ तारखेला खटला चालला, १५ तारखेला फाशी झाली. न्यायाधीशाने प्रेताची चिरफाड करण्याचा आणि अवयव नातेवाइकांना न देता फेकून देण्याचा हुकूम दिला. असली कृत्ये मलय मुसलमानांकडूनच का होतात, असा प्रश्नही त्याने निकाल देताना केला. गुन्ह्यापासून फाशीपर्यंत सगळे आठ दिवसांत आटोपले. दुःखाने बदललेल्या त्या माणसाकडे आधी कोणी का पाहिले नाही, हा प्रश्न मात्र न्यायासनावरून आला नाही.

तो प्रश्न पडण्याइतकी माहिती त्या काळातही होती. आल्फ्रेड रसेल वॉलेस या निसर्गशास्त्रज्ञाने १८६९ च्या आपल्या प्रवासग्रंथात मकासरमधल्या अमोकचे कारण स्पष्ट सांगितले आहे. माणूस कर्जात बुडतो, सावकार त्याला गुलाम करायला निघतो किंवा जुगारात त्याची बायकापोरे गुलामीत जातात. गेलेले परत मिळवण्याची वाट उरत नाही, तेव्हा तो खंजीर उचलतो. वॉलेसच्या मते तेथे ही आत्महत्येचीच रीत होती. स्वतः मलय लोकांना ही पूर्वावस्था चांगली ठाऊक होती. ते तिला ‘साकित हाती’ म्हणत, काळजात घर करून बसलेले दुखणे. त्यानंतरची अवस्था ‘माता गेलाप’, डोळ्यांपुढे अंधारी. म्हणजे ज्यांच्या वंशावर हा दोष लादला गेला, त्यांच्याच बोलीत त्याचे निदान होते. अपमान, कर्ज, वियोग आधी येतात, मग घुमेपणाचे दिवस येतात आणि खंजीर सर्वांत शेवटी निघतो.

वैद्यकशास्त्राला येथवर पोचायला वेळ लागला. सिंगापूरच्या वेड्यांच्या इस्पितळाचे प्रमुख गिल्मोर एलिस यांनी १८९३ मध्ये मलयांच्या अमोकवर शोधनिबंध लिहिला. त्यानंतर शंभर वर्षांनीही अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या १९९४ च्या निदानग्रंथात अमोक हा विशिष्ट संस्कृतीपुरता विकार म्हणून नोंदलेला होता. २०१३ च्या आवृत्तीत ती यादीच वगळली गेली. ती जायलाच हवी होती. तोवर युरोप-अमेरिकेत शाळांमध्ये आणि कामाच्या जागी हेच घडू लागले होते, आणि जर्मन लोक तर आपल्याच शाळेतल्या हत्याकांडाला ‘अमोक’ म्हणू लागले होते.

जर्मनीतल्या एरफुर्ट शहरात २६ एप्रिल २००२ रोजी शाळेतून काढून टाकलेल्या एका १९ वर्षांच्या तरुणाने त्याच शाळेत १६ जणांना गोळ्या घातल्या आणि शेवटी स्वतःला संपवले. काढून टाकल्याचे त्याने घरी सांगितलेच नव्हते. शाळेत जातो असे सांगून तो घराबाहेर पडत असे. यानंतर जर्मन समाजाने जे केले ते मोलाचे आहे. त्या तरुणाचे कृत्य कोणी सौम्य ठरवले नाही. त्याचबरोबर त्याच्या वाट्याला काय आले होते याचाही तपास झाला. एरफुर्टच्या प्रांतातील नियमांप्रमाणे त्याच्या शाळेसारख्या शाळेतून अखेरच्या परीक्षेआधी बाहेर पडलेल्या मुलाच्या हाती कसलेच प्रमाणपत्र उरत नसे. तो नियम बदलला आणि दहावीनंतर पात्रतेची सोय झाली. तरुण नेमबाजांसाठी बंदुकीचा परवाना कडक झाला, २५ वर्षांखालच्यांना मानसिक तपासणीची अट आली. हकनाक गेलेल्या माणसांचे यापेक्षा खरे स्मरण आम्हाला दिसत नाही.

आपल्याकडे काय झाले? २५ जानेवारी २०१२ च्या सकाळी पुण्यात स्वारगेट आगारातून एसटीची बस पळवून एका चालकाने ९ जणांना चिरडून मारले. ड्यूटी बदलून द्यावी ही त्याची विनंती नाकारली गेली होती, ही गोष्ट खटल्यात आली. मनोविकाराचा बचाव न्यायालयांनी मानला नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप दिली. ड्यूटी बदलून दिली नाही म्हणून मारेकऱ्याचा दोष तसूभरही कमी होत नाही. ज्यांची माणसे त्या सकाळी कामाला निघाली आणि परतली नाहीत, त्यांच्यापुढे असले समर्थन करणे निर्दयपणाचे ठरेल. मनाने आजारी असलेली बहुसंख्य माणसे कोणाच्याही अंगावर जात नाहीत, हेही तितकेच ठामपणे सांगायला हवे. पण ‘माथेफिरू’ हा एक शब्द छापला, की आधीच्या दिवसांची चौकशी बंद होते. पिनांगच्या न्यायाधीशाने वंशाचे नाव घेऊन जे केले, तेच आपण वेडाचे नाव घेऊन करतो.

ज्यांच्या हाती आपण बंदूक किंवा पन्नास प्रवाशांचे स्टिअरिंग देतो, त्यांच्या रजेच्या आणि ड्यूटीच्या अर्जाला ठरलेल्या मुदतीत लेखी आणि माणुसकीचे उत्तर मिळाले पाहिजे. घरात मृत्यू झालेल्या, कर्जात बुडालेल्या, कामावर अपमान झालेल्या माणसाची विचारपूस करण्याची जबाबदारी आगारात, बराकीत, पोलीस ठाण्यात कोणा एकावर नेमून दिलेली असली पाहिजे. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक आज उपलब्ध आहे, तो फिरवणाऱ्याच्या नोकरीवर गदा येणार नाही, अशी हमीही हवी. यातल्या कशालाही मोठा खर्च नाही. उद्रेक अचानक झाला, असे यापुढे म्हणण्याआधी त्या माणसाचा शेवटचा अर्ज कोणाच्या टेबलावर पडून होता, हे विचारले गेले पाहिजे, आणि त्याचे उत्तर जाहीर झाले पाहिजे.