डासाला जात नसते, उपचाराला असते

पावसाळा आला की डेंग्यूच्या बातम्या येतात आणि त्यांच्यासोबत एक ठरलेले वाक्यही येते : "झोपडपट्टीतले लोक घाणीत राहतात, म्हणून मरतात." सुशिक्षित म्हणवणारी माणसे हे बिनदिक्कत बोलतात. हे वाक्य विज्ञानाच्या कसोटीवर खोटे आहे आणि माणसालाच अस्वच्छ ठरवणारी जुनी मानसिकता त्याच्या मुळाशी आहे.

डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वस्तीत पिंप, हंडे, टाक्या भरून ठेवाव्या लागतात, कारण नळाला रोज पाणी येत नाही. जायकवाडी धरण जवळ असूनही औरंगाबादच्या नागरिकांनी वर्षानुवर्षे कित्येक दिवसांआड पाणी भरले आहे. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. मुंबई उच्च न्यायालयाला मात्र 2014 मध्येही सांगावे लागले की, अनधिकृत झोपड्यांत राहणाऱ्यांनाही पाण्याचा हक्क आहे. आधी पाणी द्यायचे नाही आणि मग पिंपात अळ्या सापडल्या म्हणून नोटीस बजावायची, हा कुठला न्याय?

आता प्रश्न असा की, डेंग्यू झालेल्या सगळ्यांचाच आजार गंभीर का होत नाही? डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराची लागण झाली, तर गंभीर आजाराचा धोका वाढतो. जिथे दरवर्षी डास चावतो, तिथे दुसऱ्यांदा लागण होण्याची शक्यताही जास्त. प्रौढांमध्ये मधुमेह, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार यांमुळे धोका आणखी वाढतो. गरोदरपणातही जोखीम असते. ज्या कष्टकऱ्याने आयुष्यात कधी साखर तपासलेली नाही, त्याला आपल्याला मधुमेह आहे हे अतिदक्षता विभागात कळते. याला कुणी नशीब म्हणत असेल, तर आपण ते मान्य करायचे का?

सगळ्यात मोठा घात होतो तो ताप उतरल्यावर. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप उतरतो आणि माणसाला वाटते, बरे झालो. काहींच्या बाबतीत नेमक्या त्याच 24 ते 48 तासांत रक्तातला द्रव रक्तवाहिन्यांबाहेर झिरपतो, रक्त घट्ट होते, रक्तदाब कोसळतो. पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, गुंगी किंवा बेचैनी, लघवी कमी होणे ही धोक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी तातडीने रुग्णालय गाठायचे असते. पण रोजंदारीवरची बाई त्याच दिवशी कामावर जाते. खाडा झाला तर मजुरी कापली जाते. अंग दुखते म्हणून ती मेडिकलमधून आयब्रुफेन किंवा ॲस्पिरिन घेते आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. डेंग्यूच्या तापात फक्त पॅरासिटामॉल चालते, हे तिला कोणी सांगितले?

दुसरीकडे प्लेटलेटचा बाजार. आकडा खाली गेला की नातेवाईक कर्ज काढून पिशव्यांसाठी धावतात. सिंगापूर-मलेशियात प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले की, रक्तस्राव नसताना प्रतिबंध म्हणून प्लेटलेट चढवल्याने रक्तस्राव टळत नाही. जीव वाचतो तो वेळेवर, मोजून-मापून दिलेल्या सलाईनने. त्यासाठी पीसीव्ही ही साधी रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि नाडी, रक्तदाब, लघवी यांवर नजर ठेवणारी परिचारिका लागते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की, वेळीच ओळख आणि योग्य उपचार झाले तर मृत्यूदर एक टक्क्याच्या खाली राहतो. मग आपल्या माणसाचा जीव गेला, तर जबाबदार फक्त डास?

म्हणून केवळ धूरफवारणीवर समाधान मानू नका. नगरसेवकाला, आमदाराला विचारा : वस्तीला रोज पाणी कधी? दवाखान्यात पीसीव्ही आणि साखरेची तपासणी मोफत का नाही? कंत्राटी सफाई कामगाराला, घरकामगार बाईला तापात पगारी रजा का नाही? डेंग्यूने मेलेला माणूस कितव्या दिवशी दवाखान्यात आला, त्याला कुणी परत पाठवले, याची नोंद वस्तीसमोर का ठेवत नाही?

पिंप झाका, आठवड्यातून एकदा घासून कोरडे करा. ते आपले काम आहेच. पण शासनाचे काम आपल्या माथी मारून घेऊ नका. संविधानाच्या कलम 21 ने जगण्याचा हक्क दिला आहे, तो संघटित होऊन मागा.

जय भीम!