अंतराचें मोल कोणी भरावें?

शहरांत मिळणारी हरएक वस्तु आतां खेड्यांतील उंबऱ्यापर्यंत येऊं लागली, हें पाहून आमच्या सुशिक्षित वर्गास अलीकडे मोठा संतोष वाटूं लागला आहे. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलानें मोखाड्याकडील एखाद्या वाडीवर राहणाऱ्या आपल्या आईसाठीं गरम शाल किंवा चुलीस पर्याय म्हणून विजेची शेगडी मागवावी आणि चौथ्या-पांचव्या दिवशीं ती तिच्या हातीं पडावी, यांत आनंद मानण्यासारखें खरोखरच पुष्कळ आहे. ज्या वस्तूसाठीं पूर्वीं तालुक्याच्या बाजारास सबंध दिवस खर्ची पडे, ती दारांत येते, ही सोय कोणीहि क्षुद्र मानूं नये. आमचें म्हणणें सोयीविरुद्ध नाहीं. सोयीच्या पावतीवर 'पोंच फुकट' असें जें छापलेलें असतें, त्या दोन शब्दांविरुद्ध आहे.

वाहतूक ही फुकट होणारी गोष्टच नव्हे. बैलगाडी असो, मालमोटार असो कीं दुचाकी असो, चाक फिरलें कीं झीज आली व झीज आली कीं खर्च आला. या व्यवहारांत पक्ष तीन: मागविणारा, पाठविणारा आणि पोंचविणारा. पहिला म्हणतो, मला पोंचीचे पैसे पडले नाहींत. दुसरा म्हणतो, मीं दर पार्सलामागें ठराविक रक्कम दिली, अंतराशीं मला कर्तव्य नाहीं. मग तालुक्यापासून वाडीपर्यंतचे मैल गेले कोठें? ते तिसऱ्याच्या खिशांतून गेले, असें आमचें उत्तर आहे.

अंतराचा भार कोणावर टाकावा, हा प्रश्न नवा नाहीं. रोलंड हिल यानें १८३७ सालीं इंग्लंडांतील टपालसुधारणेवर जी पुस्तिका लिहिली, तींत त्यानें हिशेब करून दाखविलें कीं, लंडनहून एडिंबरोस एक पत्र नेण्याचा प्रत्यक्ष खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतकाच येतो. खरा खर्च पत्रें गोळा करण्यांत व वांटण्यांत आहे. १८४० सालीं तेथें अंतर न पाहतां एकच दर सुरू झाला. आपल्याकडे १८५४ च्या टपाल कायद्यानें तेंच तत्त्व आलें: अर्ध्या आण्याच्या तिकिटावर पत्र शेजारच्या पेठेंत जावो कीं हिंदुस्थानच्या दुसऱ्या टोकास जावो, दर एकच. यांतील मर्म असें कीं, दूरच्या गांवाचा खर्च सर्व समाजानें मिळून वांटून घ्यावयाचा. खेडें दूर आहे हा खेडुताचा अपराध नव्हे, आणि तेथें जाणाऱ्या डाकवाल्याचाहि नव्हे.

आजच्या खासगी व्यवस्थेनें या तत्त्वाचा अर्धा भाग उचलला व अर्धा टाकून दिला. गिऱ्हाइकास दर एकच, हा भाग उचलला, कारण त्यानें विक्री वाढते. दूरचा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा, हा भाग टाकला. मोठ्या वखारीपासून तालुक्याच्या गांवापर्यंत शेंकडों पार्सलें मालमोटारींतून एकत्र येतात. त्या टप्प्याचा दर पार्सलामागें येणारा खर्च अल्पच. हिलचें गणित येथेंहि खरें ठरतें. खरा खर्च शेवटच्या टप्प्याचा, आणि तोच टप्पा बहुधा स्वतःची दुचाकी व स्वतःचें पेट्रोल घेऊन येणाऱ्या एखाद्या तरुणाच्या गळ्यांत, दर पार्सलामागें अमुक रुपये अशा बोलीनें, बांधलेला असतो.

हिशेबाच्या सोयीसाठीं कांहीं आंकडे धरून पाहूं. समजा, दर पार्सलास १५ रुपये मिळतात. शहरांतील स्वार दिवसाकाठीं २० किलोमीटरांत ८० पार्सलें पोंचवितो. गांवाकडचा ९० किलोमीटर हिंडून ३० पोंचवितो. दुचाकी एका लिटरास ४५ किलोमीटर जाते व पेट्रोल, जें आज महाराष्ट्रांत शंभरीच्या पुढें गेलेलें आहे, तें शंभर रुपयेच धरलें, तर पहिल्यास १,२०० रुपये मिळून पेट्रोलास सुमारें ४५ लागतात. दुसऱ्यास ४५० मिळून २०० लागतात. पहिल्याच्या पदरीं १,१५५, दुसऱ्याच्या २५०. दर दोघांस एकच, दिवसहि दोघांचा एकच. टायर, साखळी, तेल यांचा खर्च मैलांप्रमाणेंच वाढतो, व तो यांत अजून धरलेलाच नाहीं. वाचकांनीं वाटल्यास आंकडे बदलून पाहावेत. गांवाकडच्या दरांत दोन-पांच रुपयांची वाढहि करावी. जोंवर मोबदला पार्सलावर व खर्च मैलावर आहे, तोंवर उत्तराची दिशा बदलावयाची नाहीं.

शिवाय खेड्यांतील मैल हा शहरांतील मैल नव्हे. एका पिनकोडांत अनेक गांवें, एका गांवांत अनेक वाड्या. घरांस क्रमांक नाहींत, आणि एकाच आडनांवाचीं वीस घरें. यंत्रांतील नकाशा चावडीपर्यंत आणून सोडतो, आणि मागविणारा तर मळ्यांतल्या वस्तीवर राहतो. फोन करावा तर दरींत तो लागत नाहीं. पावसाळ्यांत सह्याद्रीच्या बाजूस फरशीवरून पाणी वाहूं लागलें, म्हणजे तें ओसरेपर्यंत थांबणें किंवा लांबचा वळसा घेणें इतकेंच हातीं उरतें. इतकें करून पोंचावें, तर माल पाहून पैसे देण्याच्या बोलीवर मागविणारा म्हणतो, "आतां नको, परत न्या." मोबदला पोंचलेल्या पार्सलावरच असेल, तर हा सबंध हेलपाटा बिनमोल ठरतो.

अशा मनुष्यास 'डिलिव्हरी पार्टनर', म्हणजे भागीदार, असें गौरवानें म्हणण्याचा प्रघात पडला आहे. आमची हयात शब्द शिकविण्यांत गेली, म्हणून या शब्दापाशीं थोडें थांबतों. १९३२ च्या भागीदारी कायद्यानें भागीदारीची जी व्याख्या केली, तिचा आत्मा नफा वांटून घेण्याचा करार हा आहे. या भागीदारास नफ्याचा वांटा आहे काय? दर ठरवितांना त्याचें मत कोणी विचारतो काय? हिशेबाची वही त्यास दाखवितात काय? नफा नाहीं, मत नाहीं, वही नाहीं. आहे तो केवळ तोट्याचा वांटा. गाडी पंक्चर झाली कीं तो भागीदार, आणि दर ठरवावयाचा झाला कीं तो कोणी नव्हे! जुन्या काळचा सावकार आपल्या कुळास भागीदार म्हणत नसे. एवढा प्रामाणिकपणा तरी त्याच्या ठिकाणीं होता.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिलें असें कीं, हें काम त्यानें खुषीनें पत्करलेलें आहे. ज्या तालुक्यांत पदवी घेतलेल्या मुलास दुसरें कामच मिळत नाहीं, तेथें खुषी कोणती व नाइलाज कोणता, हें आक्षेपकांनींच सांगावें. दुसरें असें कीं, न परवडल्यास तो सोडून जाईल व दर आपोआप वाढेल. तो सोडून जातो हें खरें; परंतु हप्त्यावर दुचाकी घेतलेला दुसरा त्याच्या जागीं उभा राहतो, आणि दर जागच्या जागीं राहतो. तिसरें म्हणणें विचारार्ह आहे: अंतराचें मोल द्यावयाचें ठरविलें, तर खेड्यांची सोयच बंद पडेल. यास इतिहासानें उत्तर दिलेलें आहे. अमेरिकेंत पूर्वीं शेतकऱ्यास आपलें टपाल आणावयास टपालकचेरींत जावें लागे. १८९६ सालीं सरकारनें खेड्यांत घरपोंच टपाल सुरू केलें व १९१३ पासून पार्सलेंहि नेण्यास आरंभ केला. तेथील ग्रामीण टपालवाला आजहि पुष्कळ ठिकाणीं स्वतःची गाडी वापरतो. पण त्याच्या मार्गाचे मैल पाहून गाडीचा भत्ता त्यास निराळा मिळतो. त्यामुळें तेथील खेड्यांचें टपाल बंद पडलेलें नाहीं.

आमचें सरकारहि या बाबतींत सोंवळें आहे असें नाहीं. ग्रामीण डाकसेवक नागरी पदावर आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालींच सांगितलें. तरी नियमित नोकराचें निवृत्तिवेतन त्याच्या वांट्यास आलें नाहीं. तथापि २०१८ पासून चार-पांच तासांचें काम धरून दरमहा किमान १०,००० रुपयांचा भत्ता त्यास ठरलेला आहे. थैलींत दोन पार्सलें असोत कीं वीस, त्याच्या मिळकतीस कांहीं तळ आहे. खासगी स्वाराच्या मिळकतीस तोहि नाहीं.

२०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. केंद्राच्या कायद्यांत अशा कामगारांस तिनें प्रथमच स्थान दिलें, आणि कंपन्यांनीं वार्षिक उलाढालीचा एक ते दोन टक्के भाग, कामगारांस दिलेल्या रकमेच्या पांच टक्क्यांच्या मर्यादेंत, त्यांच्या निधीस द्यावा असें ठरविलें. राजस्थाननें २०२३ सालीं व कर्नाटकानें २०२५ सालीं स्वतंत्र कायदे केले. हें सर्व स्वागतार्ह आहे. परंतु अपघात व वार्धक्य यांची तरतूद निराळी आणि रोजचा मैल निराळा. आमची मागणी थोडक्यांत अशी: ग्रामीण मार्गावर पार्सलाच्या दराखेरीज मैलाचा भत्ता असावा, नाकारलेल्या पार्सलाच्या खेपेचाहि मोबदला मिळावा, दर कसा ठरला तें लेखी कळावें, आणि मधल्या कंत्राटदाराच्या आडून मूळ कंपनीस हात झटकतां येऊं नयेत.

यांत आमच्या वाचकवर्गाचाहि कांहीं भाग आहे. सहज लहर म्हणून मागवावें व दारावर आल्यावर नको म्हणावें, ही संवय आमच्याच घरांतून पसरलेली आहे. पोंचीचे तीस-चाळीस रुपये पडतात म्हणून दुसरें दुकान शोधणारे लोकहि आम्हीच. ज्या दिवशीं पावतीवर 'पोंच फुकट' याऐवजीं पोंचीची खरी रक्कम छापली जाईल व ती आम्ही कुरकुर न करतां भरूं, त्या दिवशीं खेडें शहराच्या जवळ आलें असें म्हणतां येईल. तोंवर तें जवळ आलेलें नाहीं. कोणी एक मनुष्य स्वतःच्या खर्चानें तेथवर जाऊन येत आहे, इतकेंच.