लॅपटॉप म्हातारा झाला म्हणे!

"अजून तोच डबा? नवा घे की आता!" भाच्यांपासून काकांपर्यंत सगळ्यांचा एकच घोषा. का घेऊ बरं? २०१७ चा आहे म्हणून? मंडळी, काम अडलं तर यंत्र बदलावं, वय झालं म्हणून नव्हे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० हवं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो बहुधा आठव्या पिढीचा किंवा पुढचा. माझा सातव्या पिढीचा! काल धडधाकट चालणारं यंत्र आज भंगार, का तर यादीत नाव नाही!

सुरक्षेचे अपडेट नसताना बँकेचे व्यवहार करू नयेत, हे शंभर टक्के मान्य. पण त्यावर नवा लॅपटॉप हाच उपाय कसा? मी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, लिनक्स मिंट २२ टाकलं. अपडेट २०२९ पर्यंत, तेही फुकट. तुमचं काम विंडोजवाचून अडत असेल तर खुशाल नवा घ्या. पण पत्रं, फोटो नि विजेची बिलं यांसाठी?

असो. मदरबोर्ड जाईल त्या दिवशी दुकानात जाईन. तोवर सेलच्या लिंका पाठवू नका, कृपा करा!