हेरवाडचा ठराव आणि आपण



'माणूस आणि त्याच्या भोवतीची माणसे' हे यंदाच्या अंकाचे सूत्र ठरले आणि संपादक मंडळात सगळ्यात जास्त बोलणे झाले ते हेरवाडवर. कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातले हे गाव. २०२२ च्या मे महिन्यात, राजर्षी शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीच्या दिवसांत, तिथल्या ग्रामसभेने ठराव केला: नवरा वारल्यावर बायकोचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे गावात बंद. पाठोपाठ हातकणंगले तालुक्यातल्या माणगावने तसाच ठराव केला. त्याच महिन्यात ग्रामविकास विभागाने परिपत्रक काढून राज्यातल्या ग्रामपंचायतींपुढे हेरवाडचा कित्ता ठेवला.

ही प्रथा कोण चालवते? अंत्यविधीच्या वेळी बांगड्या फोडायला पुढे होतात त्या बायकाच, पुष्कळदा स्वतः विधवा झालेल्या. 'नको होते तसे करायला' असे नंतर दबक्या आवाजात म्हणणाऱ्याही त्यांच्यातच असतात. सासूला वाटते भावकी नावे ठेवील, भावकीला वाटते सासूचे मन दुखेल, आणि दीर गप्प, कारण हा बायकांचा विषय. अशा वेळी कोणी कोणाला विचारत नाही. प्रत्येकाचे मन एका बाजूला आणि सगळ्यांचे मिळून वागणे दुसऱ्या बाजूला, असे वर्षानुवर्षे चालते.

त्याहून खोल गोष्ट घरात घडते. हळदीकुंकवाच्या दिवशी मावशी आतल्या खोलीत बसते, दिवाळीत स्वतःच्या मुलाच्या औक्षणाला ताट दुसरीच्या हाती देते, हे लहान मुलगी बघत असते. तिला कोणी काही शिकवत नाही. पुढे तिच्यावर तोच प्रसंग आला की ती आपण होऊन आत जाऊन बसते, आणि 'मलाच नको वाटते' असे म्हणते. ते खोटे नसते. बाहेरचा धाक तोवर तिच्या आवडीनिवडीत मुरलेला असतो. समाजाचा प्रभाव म्हणतात तो हा, आणि आम्हाला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो तोही हाच.

सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५१ च्या सुमारास अमेरिकेत केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. रेघांच्या लांबीची तुलना करायची, इतके सोपे काम. पण खोलीतले बाकी सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत, आणि खऱ्या सहभागींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे त्या चुकीच्या बाजूने झुकत. त्या प्रयोगांचा दुसरा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. एक जरी माणूस बरोबर उत्तर देणारा सोबत असला, तरी असे झुकणे झपाट्याने कमी होई.

आपल्याकडे ही सोबत मिळाल्याची उदाहरणे जुनी आहेत. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केशवपन न करण्याचा निर्धार केला. एकट्या न्हाव्याने नकार दिला असता तर त्याचे गिऱ्हाईक तुटले असते, काम दुसऱ्याने केले असते. सगळ्यांनी मिळून वस्तरा खाली ठेवला म्हणून त्या नकाराला वजन आले. उलटेही घडले आहे. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा असलेल्या गोदूबाईंशी विवाह केला, तेव्हा दापोलीजवळच्या त्यांच्या मुरुड गावाने त्यांना वाळीत टाकले. मुरुडही एकदिलानेच वागले होते! म्हणून गावाची एकजूट झाली एवढ्यावर आम्ही हुरळून जात नाही. ती एका बाईला मोकळे करायला वापरली जाते की एका माणसाला कोंडायला, हे दर वेळी बघावे लागते. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला, तो उगीच नाही.

ठराव कागदावर राहू शकतो, हे आम्हाला मान्य आहे. तरीही हेरवाडची ग्रामसभा आम्हाला मोलाची वाटते, कारण जे घरोघरी दबक्या आवाजात बोलले जात होते ते तिथे सगळ्यांदेखत बोलले गेले. पुढच्या मरणाच्या दिवशी 'गावाने ठरवले आहे' हे शब्द एखाद्या घाबरलेल्या सुनेच्या कामी येतील. ठरावाआधी करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी तर आपल्या मृत्यूनंतर पत्नीवर या प्रथा लादू नयेत, असे मुद्रांकावर लिहून दिले होते.

दिवाळीत घरे भरलेली असतात. पुण्या-मुंबईची, परदेशातली मुले गावी आलेली असतात. सणात असा विषय काढणे अनेकांना अशुभ वाटेल, पण सगळी माणसे एकत्र सापडतात ती याच दिवसांत. प्रसंग आल्यावर रडारडीत हे बोलता येत नाही. आमची विनंती आहे की घरातल्या कर्त्या माणसांनी, विशेषतः पुरुषांनी, आपल्यामागे काय करू नये ते चार माणसांसमोर सांगावे आणि लिहून ठेवावे.